सुकतीला घरी असणारा मासा

(मालवण येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज पौर्णिमा. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशेब लहान मुलालाही ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आज सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण झाली आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आगेमागे, सुकती. तुम्ही घरून निघालात तेव्हा रॉक गार्डनखालची खडपं पार उघडी पडली होती. पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा लांब गेलेलं. त्या वाटेनं येताना आपल्यापैकी किती जण क्षणभर थांबले असतील? आणि जे थांबले, त्यांनी सूर्यास्ताकडे पाहिलं की खाली डबक्यांकडे?

डबक्यांकडे पाहायची सवय मला गुरुजींनी लावली. ते हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेत चार परीक्षानळ्या आणि एक सूक्ष्मदर्शक, त्याचीही काच धुरकट. गुरुजी म्हणायचे, आपली प्रयोगशाळा समुद्र रोज दोनदा उघडून देतो, आपण वेळेवर जायचं. उधाणाच्या दिवसांत शाळा सुटली की आठ-दहा मुलांना घेऊन ते खडपात उतरत. बरोबर तीन वस्तू असायच्या. सुंभाची एक लांब दोरी, तळाला काच बसवलेला पत्र्याचा डबा, आणि लाल बांधणीची एक वही. आज मी खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांविषयी बोलणार आहे, त्यांचे प्रकार किती आणि त्यांची संख्या किती, याविषयी. आणि ते या तीन वस्तूंच्याच क्रमानं बोलणार आहे.

पहिली दोरी.

एकदा गुरुजींनी दोन मुलांना दहा हातांवर समोरासमोर उभं केलं आणि मध्ये दोरी ताणली. मग म्हणाले, आता हीच दोरी खडकाला चिकटवत न्या. खड्डा आला तर खड्ड्यात उतरवा, कपार आली तर कपारीत घाला, उंचवटा आला तर त्याच्या अंगावरून न्या. आम्ही तिघं-चौघं गुडघ्यांवर बसून, कालवांच्या कडांनी बोटं कापून घेत, दोरी सरकवत राहिलो. पलीकडच्या मुलापर्यंत पोचायच्या आधीच दोरी संपली. जोड देऊन मोजली तेव्हा सतरा हात भरली. मग तोच खेळ चिवला वेळ्यावर, वाळूत केला. तिथे दहा हातांना दहाच हात.

गुरुजींनी विचारलं, "हे वरचे सात हात आले कुठून? आणि त्यांत राहतं कोण?"

पुढे मी माशांचा अभ्यास करायला लागलो तेव्हा कळलं, की समुद्रतळाचा खडबडीतपणा जगभरचे संशोधक असाच मोजतात. ते दोरीऐवजी बारीक कड्यांची साखळी वापरतात, एवढाच फरक. साखळीची लांबी भागिले सरळ अंतर, की आकडा निघाला. वाळूचा आकडा एकच्या आसपास. खडकाचा आकडा जितका वर, तितके माशांचे प्रकार साधारणपणे जास्त. साधारणपणे म्हणतो, कारण लाटेचा मार, पाण्याची खोली, किनाऱ्याची दिशा यांनी उत्तर बदलतं. पण धागा तोच राहतो.

असं का व्हावं? वाळूत लपायचं तर माशाला एकच उपाय: वाळू अंगावर ओढून घ्यायची. लेपा ते करतो आणि फार छान करतो. पण जो लेप्यासारखा चपटा नाही, त्यानं काय करावं? खडकात बोटाएवढं भोक आहे, तिथे बोटाएवढा मासा आहे. मनगटाएवढी फट आहे, तिथे खडकातली वाम आहे. मांडीएवढी गुहा आहे, तिथे गोब्रा तोंड बाहेर काढून बसलाय. प्रत्येक मापाचं घर आहे म्हणून प्रत्येक मापाचा राहणारा आहे. पुन्हा खडक नुसतं घर देत नाही. त्याच्यावर शेवाळ धरतं, कालवं चिकटतात, खेकडे फिरतात, हे झालं जेवण. अंडी चिकटवायला टणक जागा मिळते, जी वाळूत नसते. आणि सुकतीला ओलसर सावली मिळते. मे महिन्यातल्या दुपारी ती सावली जगणं-मरणं ठरवते.

आपल्या राज्याची किनारपट्टी शाळेत आपण 720 किलोमीटर शिकलो, पण तिचा खडक सगळीकडे एक नाही. मुंबई-अलिबागकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट आहे. हरिहरेश्वराला त्याच खडकात लाटांनी केलेलं नक्षीकाम तुम्ही पाहिलं असेल. रत्नागिरी-देवगडकडे सड्यावरचा जांभा तुटून खाली आलेला, जात्याच भोकाभोकांचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे तर बसाल्टहूनही जुने खडक आहेत. भरतीही एकसारखी नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आपल्याकडे त्याच्या साधारण निम्मं. म्हणजे मुंबईचा खडक जास्त उघडा पडतो, जास्त तापतो. तिथला मासा वेगळ्या परीक्षेला बसलेला असतो.

आता डबा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

डब्याचा तळ कापून गुरुजींनी काच बसवली होती आणि कडा डांबरानं बुजवल्या होत्या. तो पाण्यावर टेकवला की लाटांची चुळबूळ थांबायची आणि खालचं सगळं स्वच्छ दिसायचं. पहिल्यांदा त्यातून पाहिलं तेव्हा मला काहीच दिसलं नाही. दगड, शेवाळ, एक शंख. गुरुजी म्हणाले, "हलू नको. शंभरपर्यंत मोज." मी साठावर असेन, तेव्हा दगडाला डोळे फुटले. दगड नव्हताच तो. बोटाएवढा, दगडाच्याच रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा मासा होता, छातीखाली खडकाला चिकटून बसलेला. मग दुसरा दिसला. मग शेवाळाच्या कडेनं, कपाळावर तुरे असलेला तिसरा. शंभरापर्यंत पोचलो तेव्हा सात मासे दिसत होते. एकही नव्यानं आलेला नव्हता.

तो चिकटून बसलेला मासा म्हणजे गोबी, खाडीतल्या खरबीचा आणि निवटीचा भाऊबंद. त्याचे पोटाकडचे दोन पर जोडले जाऊन वाटीसारखे झालेले असतात. त्या वाटीनं तो खडक धरतो, आणि लाट त्याच्या अंगावरून जाते. तुऱ्यांचा मासा म्हणजे ब्लेनी. त्याला खवलं नसतात, अंगभर बुळबुळीत थर असतो. म्हणून खडकाच्या खरखरीत फटीतून तो खरचटल्याशिवाय सरकतो आणि थोडा वेळ पाण्याबाहेरही राहू शकतो. दात फणीसारखे, त्यांनी शेवाळ खरवडायचं. पोहण्यात हे दोघेही बेताचेच. पण खडपात पोहणं हा फारसा कामाचा गुण नाही, धरून राहणं हा आहे.

आणि धरून राहायचं ते कशात? डबकं आपल्याला शांत दिसतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, तेव्हा पाण्यात तो भरपूर असतो. रात्री शेवाळही श्वास घेतं, मासेही घेतात, खेकडेही घेतात, आणि पहाटेपर्यंत डबक्यातला प्राणवायू खाली जातो. उन्हात पाणी तापतं, आटतं, खारट होतं. जूनचा पहिला पाऊस पडला की तेच डबकं वरच्या थरात गोडं होतं. दर सहा तासांनी बदलणाऱ्या अशा घरात जो पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्याला किरकोळ म्हणायचं धाडस मला होत नाही.

इथे एक आठवण सांगितली पाहिजे. आम्ही डब्यातून पाहत होतो आणि शेजारी एक काकी कालवं काढत होत्या. एका डबक्यातला गोबी मी हातानं धरायला गेलो. तो टुणकन उडाला आणि मधला कोरडा खडक ओलांडून शेजारच्या डबक्यात पडला. मी म्हटलं, गेला! काकींनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "खंय जाणा नाय तो. भरती इली की फिराक जाता, सुकती लागली की आपल्या घराक येता."

गुरुजींनी हे वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. मला तेव्हा वाटलं, यात लिहून घेण्यासारखं काय आहे?

लेस्टर अॅरनसन नावाच्या अमेरिकन संशोधकानं बहामा बेटांवर याच कुळातल्या गोबींवर काम केलं आणि 1951 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याला प्रश्न पडला होता तो हाच: डबक्यातून शेजारचं डबकं दिसत नाही, मग हा मासा नेमकी त्यातच उडी कशी मारतो? कोरड्या खडकावर का पडत नाही? त्यानं कृत्रिम डबकी करून पाहिली. निघालं असं, की भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली असताना हा मासा त्यावरून हिंडतो आणि कुठे खोल, कुठे उंच, हे मनात ठेवतो. मग सुकतीला त्या आठवणीवर उडी मारतो. एका भरतीचं हिंडणं त्याला पुरतं. आणि पुढच्या प्रयोगांत दिसलं, की ही आठवण 40 दिवसांपर्यंत टिकते. चाळीस दिवस! अलीकडे ऑस्ट्रेलियात कुलम ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोबींच्या मेंदूंची तुलना केली. वाळूत राहणाऱ्या गोबींपेक्षा खडकातल्या डबक्यांत राहणाऱ्या गोबींच्या मेंदूचा पुढचा भाग मोठा निघाला. हे त्यांनी 2015 मध्ये मांडलं.

भरती इली की फिराक जाता, सुकती लागली की घराक येता. काकींनी हे कुठल्या नियतकालिकात वाचलेलं नव्हतं. त्यांनी तीस-चाळीस वर्षं खडपात वाकून काढली होती आणि ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या किनाऱ्याची अशी किती माहिती कालवं काढणाऱ्या बायकांजवळ आहे, आणि ती विचारायला आपण किती वेळा गेलो?

हे झाले खडपातले कायमचे रहिवासी. दुसरी मंडळी आहेत ती बालपणापुरती येणारी. डिसेंबर-जानेवारीत डबा टेकवला तर बोटाच्या पेराएवढी बोयटं दिसतील, इवली तांबोशी दिसेल, अंगावर काळे उभे पट्टे असलेले सार्जंट मासे दिसतील. तांबोशीचं आयुष्य पाहा. लहानपण खाडीत, खारफुटीत, किनाऱ्याच्या खडकांत, आणि मोठी झाली की खोल पाण्यातल्या खडकांकडे प्रयाण. बाजारात पाटीवर पडलेली तांबोशी आपण समुद्राची म्हणून विकत घेतो, पण ती किनाऱ्याच्या अंगणात वाढलेली असते. तिसरी मंडळी म्हणजे पाहुणे. भरतीबरोबर चरायला येतात आणि पाणी उतरायच्या आत निघून जातात. त्यांतला एखादा चुकतो आणि डबक्यात अडकतो, तेव्हा बगळ्याची चंगळ होते.

सार्जंट माशाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. याची मादी खडकाच्या पाठीवर अंडी चिकटवते, जांभळट रंगाचा तळहाताएवढा डाग दिसतो. अंडी घालून ती निघून जाते. राखण करतो तो नर. चार-पाच दिवस तो त्या डागावरून हलत नाही. परांनी पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी वेचून काढतो, आणि त्याच्या दहापट मोठा मासा आला तरी अंगावर धावून जातो. काचेच्या डब्यावर एकदा असा नर येऊन आदळला होता. गुरुजींनी डबा उचलला आणि म्हणाले, "चला, त्याला काम आहे."

अंड्यांतून पिल्लं सुटली की ती प्रवाहाबरोबर दोन-तीन आठवडे उघड्या समुद्रात तरंगतात आणि मग मिळेल त्या खडकावर उतरतात. म्हणजे मालवणच्या डबक्यातला मासा वेंगुर्ल्याच्या खडकावर जन्मलेला असू शकतो आणि त्याची पोरं देवगडला नांदू शकतात. एका गावचं खडप गेलं तर नुकसान त्या गावापुरतं राहत नाही, ते अशामुळे.

आता वही.

वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे तिथी, मध्ये माशाचं नाव, उजवीकडे संख्या. ज्या माशाला नाव माहीत नसे त्याला आम्ही मुलं नाव द्यायचो: तुरेवाला, ठिपक्या, वाटीवाला. शास्त्रीय नावं गुरुजींनी नंतर, जमतील तशी, पेन्सिलीनं लिहिली. या वहीतून त्यांनी आम्हाला एक भेद शिकवला आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. किती प्रकारचे मासे, हा एक प्रश्न. किती मासे, हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नका.

समजा, एका डबक्यात शंभर मासे आहेत आणि सगळे एकाच जातीचे. दुसऱ्यात चाळीस आहेत, पण बारा जातींचे. श्रीमंत डबकं कुठलं? मुलं ओरडायची, शंभरवालं! गुरुजी विचारायचे, शंभरांना एकच रोग झाला तर?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी 1963 मध्ये एक साधा प्रयोग सुरू केला. एका पट्ट्यातले सगळे तारामासे उचलून ते पाण्यात भिरकावून देत राहिले. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपले माजले, खडकभर पसरले, बाकीच्यांना जागा उरली नाही. तिथे 15 जाती होत्या, त्यांच्या 8 झाल्या. खडक भरलेला दिसत होता, पूर्वीपेक्षाही भरलेला. पण निम्मं गाव उठून गेलं होतं. तो प्रयोग माशांवरचा नव्हता, तरी तो आपल्याला काय बघायचं ते सांगतो.

आपल्याकडे काय होतंय? गेल्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावर काळ्या ट्रिगर माशाचे थवेच्या थवे जाळ्यात येतात. जाळं जड लागतं, पण मच्छीमाराला विचारा, त्यात बाकीचं काय होतं? दुसरं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं. पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकली जातात. लगेच सार्जंट माशांचा गराडा पडतो, फोटो सुंदर येतो, पाहुणा म्हणतो, केवढे मासे! मासे केवढे, हे खरं. पण पावाला जमणारी ती एक-दोन धीट जातींची गर्दी आहे. शेवाळ खरवडणारा, फटीत राहणारा, लाजरा मासा त्या गर्दीत मागे सरतो. आणि जो सार्जंट पावामागे धावतो, त्याची अंडी त्या वेळी कोण राखतं? पर्यटनावर आज शेकडो घरं चालतात, ती चालावीत असंच मला मनापासून वाटतं. म्हणूनच ज्यांची घरं या माशांवर उभी आहेत त्यांनीच पाव बंद करावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

गोब्र्याबद्दलही याच वहीच्या हिशेबानं बोलायला हवं. गोब्रा जन्मतः मादी असतो. वाढत वाढत, मोठा झाला की त्यांतले काही नर होतात. आता विचार करा. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात, तेव्हा आपली माणसं खडपावरून गरवायला बसतात. गरीला कधी लहान लागतो, कधी मोठा. पण पाण्याखाली बंदूक घेऊन उतरणारा नेमका सगळ्यांत मोठा निवडतो. म्हणजे नर निवडतो. खडकात माद्या दिसत राहतात, संख्या फारशी घटलेली वाटत नाही, आणि तरी पुढची पिढी येत नाही. नुसता आकडा इथे फसवतो. मोठे किती, लहान किती, हेही वहीत लागतं.

मग ही वही आज कोण लिहितं?

1947 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवते. ते मोठं, कष्टाचं काम आहे, आणि देशाच्या मासेमारीचं बरंचसं ज्ञान त्यावर उभं आहे. पण बंदरावर न उतरणारा मासा त्यात येणार कसा? गोबीचा लिलाव होत नाही. ब्लेनी पाटीत पडत नाही. जो विकला जात नाही तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही तो गेला तरी कुठल्याच कागदावर फरक पडत नाही. कायद्याकडे पाहा. किनारा नियमन क्षेत्राची 2019 ची अधिसूचना सर्वांत जपायच्या जागांची यादी देते: खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, कासवांच्या विणीच्या जागा, समुद्रगवत. यादी चांगली आहे. पण त्या यादीत खडकाळ किनारा स्वतःच्या नावानं नाही. तो भरती-ओहोटीच्या सर्वसाधारण पट्ट्यात मोडतो. जांभ्याच्या भोकाभोकांत राहणाऱ्या या गावाला सरकारदरबारी नाव नाही.

आपल्याकडे मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाभोवतीचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग त्याचा गाभा ठरला. तेव्हापासून त्याबद्दल मच्छीमारांच्या मनात राग आहे, हे या सभागृहात मला सांगायला नको. मी त्या वादात आज शिरत नाही. एवढंच म्हणतो, की गाबीत समाजातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या खडकामागे कुठल्या महिन्यात काय असतं हे ठाऊक आहे, आणि त्याला न विचारता नकाशावर ओढलेली रेघ माशाच्याही कामाची नाही.

मुंबईत 2018 मध्ये सागरी किनारा मार्गाचं काम सुरू झालं. वरळी, हाजी अलीच्या खडकांवर भराव पडला. तिथली काही प्रवाळं उचलून दुसरीकडे लावण्यात आली, कारण प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळाच्या शेजारच्या फटीतल्या गोबीला ते नव्हतं. पण त्याच मुंबईत 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची तरुण मंडळी सुकतीला लोकांना घेऊन खडपात उतरतात, फोटो काढतात, नावं लावतात, नोंदी ठेवतात. कोट्यवधींच्या शहराला त्यांनी दाखवलं, की त्याच्या गटाराच्या तोंडाशीसुद्धा खेकडे, समुद्रफुलं आणि मासे नांदतात. गुरुजी असते तर ते लोकलनं तिथे पोचले असते.

कोणी विचारतं, भरावाच्या कडेला दगड असतात, काँक्रीटचे ते चार पायांचे ठोकळे असतात, मासा तिथे राहील की! काही राहतात, खरं आहे. सिंधुदुर्गाचा तट पाहा. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर उभा राहिला, साडेतीनशे वर्षं लाटा खातो आहे, त्याच्या पायथ्याशी मासे आहेतच. पण महाराजांनी खडकावर किल्ला बांधला, खडक पुरून नव्हे. बेटाचा उतार, त्याची डबकी, त्याच्या फटी जिथल्या तिथे राहिल्या. नवी भिंत सरळ उभी असते, दोरी लावली तर दहा हातांना दहा-अकरा हात. सुकतीला तिच्यावर पाणी साठत नाही, सावली धरत नाही. सिडनीत 2018 पासून अशा भिंतींवर खड्डे-कपारींचे साचे बसवायचं काम चाललं आहे, म्हणजे माशांना आणि शेवाळाला थोडी जागा मिळावी. भिंत बांधावीच लागली तर निदान एवढं तरी आपण मागितलं पाहिजे.

गुरुजींचं डबकं आज नाही. ज्या डबक्यावर मी शंभरपर्यंत मोजलं, जिथे काकींनी ते वाक्य म्हटलं, तो खडक एका बांधकामाच्या भरावाखाली गेला. मी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, तिथे काही नव्हतं, नुसता खडक होता. त्या दिवशी मी घरी येऊन ही वही काढली. तिथे काय होतं ते यात आहे. तिथीसकट आहे, संख्येसकट आहे, तुरेवाला आहे, ठिपक्या आहे, वाटीवाला आहे. त्या एका डबक्यापुरतं तरी ‘काही नव्हतं’ असं मला कोणी सांगू शकत नाही. पण शेजारच्या डबक्याचं काय? त्याच्या शेजारच्या खडपाचं? त्यांची वही कोणीच लिहिली नव्हती.

मोजायला फार काही लागत नाही. एक ठरलेलं डबकं, एक ठरलेली वेळ, आणि हलायचं नाही. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला तेच डबकं. पावसाळ्यानंतर शेवाळ वाढतं तेव्हा वेगळं दिसेल, मे महिन्यात वेगळं दिसेल. तो फरकच कामाचा. मासा धरायचा नाही, दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. नाव माहीत नसेल तर नाव द्या, शास्त्रीय नाव मागाहून मिळेल. आणि कालवं काढायला आलेल्या काकी-मावशींना विचारा. प्रत्येक शाळेनं आपल्या गावचं एक डबकं घेतलं, तर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत किती वह्या होतील?

आता साडेसात होत आलेत. पाणी चढायला लागून दोन तास झाले. खालची डबकी एव्हाना एकमेकांत मिसळली असतील, आणि गोबी घराबाहेर पडून खडकाची उंची-खोली पाहत हिंडत असेल. रात्री साडेअकराच्या पुढे भरती पूर्ण होईल आणि पहाटे पावणेसहाच्या सुमारास पुन्हा सुकती. मी रॉक गार्डनच्या खाली असेन. वही बरोबर आणतो, तिची शेवटची अकरा पानं कोरी आहेत. डबाही आणतो, नव्यानं काच बसवून घेतली आहे. ज्यांना यायचं त्यांनी जाड तळाच्या चपला घालून या, कालवांच्या कडा फार लागतात.